परतीचा जमाखर्च

मे महिन्यात आणि डिसेंबरच्या अखेरीस लग्नकार्यांच्या निमित्ताने परदेशस्थ मंडळी गावी येतात, तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या वाढते. बँकेच्या नोकरीतील बरीच वर्षे परकीय चलन आणि अनिवासी खात्यांच्या विभागात गेली. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे लोक त्याच कामासाठी आठवण काढतात. प्रश्नाची सुरुवात बहुधा व्याजदरापासून होते. ‘काका, एनआरई ठेवीवर सध्या काय मिळतं?’ चहा संपत आला की खरा प्रश्न बाहेर पडतो. ‘परत यायचं म्हणतोय. तुम्हाला काय वाटतं?’

अशा वेळी मी मत देत नाही. परत यावे की न यावे हा ज्याच्या त्याच्या संसाराचा प्रश्न आहे. परंतु यायचे ठरलेच असेल तर कसे यावे, याविषयी मात्र बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि आपल्या व्यापारी कुटुंबांच्या संदर्भात ते फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

परतणाऱ्यांचेही प्रकार असतात. आखाती देशांत गेलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते की, येथे नागरिकत्व मिळणार नाही आणि नोकरी संपली की घरी जायचे आहे. त्याचे घर, जमीन, मुलींची लग्ने सारे हिशेब भारतातच मांडलेले असतात. १९९० साली कुवेतवर इराकने आक्रमण केले तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. अनेकजण अंगावरच्या कपड्यांनिशी आले. ते परतणे निराळेच. शिक्षण संपवून परत येणाऱ्यांची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेतील एमआयटीतून यांत्रिक अभियांत्रिकी शिकून १९२६ साली किर्लोस्करवाडीस परतले आणि घरच्या कारखान्यात रुजू झाले. त्यांच्यामागे ना कर्जाने घेतलेले घर होते, ना इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत भांडू न शकणारी दोन मुले.

आज माझ्यापुढे येऊन बसतात ते या दोहोंच्या मधले. वय चाळीसच्या आसपास. अमेरिकेत बारा-पंधरा वर्षे झालेली. दोन मुले, त्यांतले एक तरी तिथे जन्मलेले. सांगली, जयसिंगपूर, बारामती, नगर अशा गावी पेढी, आणि सत्तरी ओलांडलेले आईवडील. परत येण्याची कारणे सांगताना ते आईवडिलांचे नाव प्रथम घेतात व ते खरेही असते. परंतु त्यामागे दुसरे एक कारण उभे असते. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकानुदशके लांबली आहे. भारतात जन्मलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की आईवडिलांच्या अर्जावर अवलंबून असलेले त्याचे स्थान सुटू शकते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. ज्यांचे व्हिसे आधीच हाती होते त्यांनाही त्या आठवड्यात झोप लागली नाही, असे मला अनेकांनी सांगितले.

‘स्वदेस’ हा चित्रपट २००४ साली आला आणि त्याचे बरेचसे चित्रीकरण आपल्या वाईजवळच्या मेणवलीत झाले. तो पाहून परत येण्याचा विचार मनात आला, असे सांगणारे दोघे-तिघे तरी मला भेटले आहेत. मी त्यांना एवढेच म्हणतो की, त्या नायकाला मुलांचा शाळाप्रवेश घ्यावा लागला नव्हता.

दोन घड्याळे

प्रथम पैशाचे बोलू, कारण तिथे नियम स्पष्ट आहेत आणि तरीही गोंधळ सर्वाधिक तिथेच होतो. परत येणाऱ्याला दोन कायदे लागू होतात आणि दोन्ही ‘निवासी’ हाच शब्द वापरतात. अर्थ मात्र वेगळे. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, तुमचा हेतू पाहतो. कायमचे राहण्यासाठी, नोकरीसाठी वा धंद्यासाठी तुम्ही आलात की त्या दृष्टीने तुम्ही निवासी झालात. प्राप्तिकराचा कायदा दिवस मोजतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस वा अधिक मुक्काम झाला की निवासी. शिवाय ज्यांच्या मागील चार वर्षांतील फेऱ्यांची बेरीज ३६५ दिवसांवर जाते, त्यांच्यासाठी साठ दिवसांची कसोटीही आहे. एक घड्याळ विमानतळावरच सुरू होते, दुसरे सावकाश चालते. या दोहोंमधील अंतर समजले की अर्धे काम झाले.

पहिल्या घड्याळाचा परिणाम खात्यांवर होतो. परतल्यावर एनआरई आणि एनआरओ खाती तशीच चालू ठेवता येत नाहीत. बँकेला कळवून ती निवासी खाती करून घ्यावी लागतात. एफसीएनआर ठेव मात्र मुदतपूर्तीपर्यंत ठरलेल्या व्याजदराने चालू राहू शकते. एनआरई खात्यातील किंवा मुदत संपलेल्या एफसीएनआरमधील पैसा परकीय चलनातच ठेवायचा असेल, तर आरएफसी नावाचे खाते उघडता येते. त्यातील रक्कम पुन्हा परदेशी नेण्यावर बंधन नाही. पुन्हा जावे लागेल की काय, अशी ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी ही सोय उत्तम आहे, पण आमच्या काउंटरवर ती मागणारे क्वचितच येत.

एक उदाहरण आठवते. मस्कतहून परतलेल्या एका गृहस्थांच्या एनआरई ठेवी चार वर्षे आपोआप नूतनीकरण होत राहिल्या. बँकेने विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. एनआरई ठेवीचे व्याज करमुक्त असते ते ठेवीदार फेमाच्या दृष्टीने परदेशात असेतोवरच. परतल्याच्या दिवसापासून ते व्याज करपात्र होते. नोटीस आली तेव्हा कर, त्यावरील व्याज आणि सनदी लेखापालाची फी मिळून जी रक्कम झाली, तिच्यात त्यांच्या मुलीच्या अभियांत्रिकीचे एक वर्ष निघाले असते. गृहस्थ अत्यंत सचोटीचे. बुडवायचे कुणाचे काही नव्हते. केवळ एक अर्ज द्यायचा राहिला होता.

दुसरे घड्याळ मात्र परतणाऱ्याच्या बाजूचे आहे. निवासी झाल्यावरही काही काळ कायदा त्याला ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा देतो. मागील दहा आर्थिक वर्षांपैकी नऊ वर्षे तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागील सात वर्षांत भारतातील तुमचा एकूण मुक्काम ७२९ दिवसांहून अधिक नसेल, तर हा दर्जा मिळतो. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना तो बहुधा दोन वर्षे आणि आगमनाची तारीख नीट बसली तर तीन वर्षेही लाभतो. या काळात परदेशात मिळणारे व्याज, लाभांश, घरभाडे, शेअरविक्रीचा नफा यांवर भारतात कर लागत नाही, मात्र तो पैसा मिळण्याचे ठिकाण भारत नसावे, आणि जो धंदा भारतातून चालवला जातो त्याचे उत्पन्न यात येत नाही. म्हणून तिथले घर विकायचे असेल, शेअर मोकळे करायचे असतील, तर ही खिडकी उघडी असताना करावे. खिडकी मिटली की जगभरातील उत्पन्न येथे दाखवावे लागते आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्टही भरावे लागते. ते न भरल्यास काळ्या पैशाविषयीच्या २०१५ च्या कायद्यात दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे. २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला तीतून सवलत मिळाली आहे. परंतु अमेरिकेतून परतणाऱ्याची निवृत्तिवेतनाची शिल्लक एकटीच याहून मोठी असते.

त्या शिल्लकीविषयी, म्हणजे ज्याला तिकडे ४०१(के) म्हणतात त्याविषयी, पूर्वी फार अडचण होती. भारत दरवर्षीच्या वाढीवर कर मागे, अमेरिका पैसे काढताना मागे. २०२१ च्या अर्थसंकल्पाने अमेरिका, ब्रिटन व कॅनडातील अशा खात्यांसाठी भारतातील करही पैसे काढतानाच द्यावा, असा पर्याय दिला. पण तो आपोआप लागू होत नाही. विहित नमुना विवरणपत्राच्या मुदतीत भरावा लागतो.

आता व्यापाऱ्यांसाठी एक खास सूचना. ग्रीन कार्डधारक किंवा अमेरिकी नागरिक भारतात राहायला आला म्हणून अमेरिकेचा कर सुटत नाही. ते सरकार आपल्या माणसाचे जगभरचे उत्पन्न विचारते. अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांतील शिल्लक मिळून वर्षात कोणत्याही दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची माहिती तिथे कळवावी लागते, आणि त्यात ज्या खात्यावर केवळ सही करण्याचा अधिकार आहे तेही येते. आपल्या पेढ्यांत वडील काय करतात? मुलगा अमेरिकेत असला तरी दुकानाच्या चालू खात्यावर ‘असू दे’ म्हणून त्याची सही ठेवतात. हंगामात त्या खात्यात काय उलाढाल होते हे मी वाचकांना सांगायला नको. सोयीसाठी ठेवलेली ती सही मुलाच्या गळ्यात अडकते. भारतीय म्युच्युअल फंडांचेही तसेच. अमेरिकी कायदा त्यांना इतक्या क्लिष्ट रीतीने कर लावतो की, कार्ड परत करेपर्यंत त्यांच्या वाटेला न गेलेलेच बरे. कार्ड परत करतानाही, मागील पंधरा वर्षांपैकी आठ वर्षे ते जवळ असेल तर मोठ्या मालमत्ताधारकांना निर्गमन-कराचा हिशेब करावा लागतो. येथे दोन्ही देशांचे कायदे जाणणारा लेखापाल हवा. गावातला ओळखीचा, फी न घेणारा, या कामी उपयोगाचा नाही.

घरातली वही

इथवरचे सारे पुस्तकात मिळते. पुस्तकात मिळत नाही ते पुढे.

आपल्या कुटुंबांत परत येणारा मुलगा केवळ घरी येत नाही. तो एका चालू पेढीत येतो. त्या पेढीत त्याच्या गैरहजेरीत पंधरा वर्षे गेलेली असतात. त्याने या वर्षांत पैसे पाठवलेले असतात, धाकट्याने अंग झिजवलेले असते. पैसे बँकेच्या उताऱ्यात दिसतात. अंग झिजवण्याचा उतारा कोणतीच बँक देत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका घरातील प्रसंग मला जवळून पाहता आला. थोरला न्यू जर्सीत चौदा वर्षे होता. गोदामाचे कर्ज फेडण्यासाठी त्याने काही वर्षांत मिळून चाळीस लाखांच्या आसपास रक्कम पाठवली होती. गोदाम वडिलांच्या एकट्याच्या नावे. कागद एकही नाही. कागद करणे म्हणजे अविश्वास, अशी त्या पिढीची समजूत. धाकटा पहाटे सौद्याला उभा राहत होता. वडिलांची बायपास त्याने निभावली, आईचे गुडघे निभावले, जीएसटी आला तेव्हा रात्री जागून नवी पद्धत शिकला. थोरल्याने फोनवर सांगितले की, जूनमध्ये येतो, मग दोघे मिळून धंदा वाढवू. धाकटा ‘ये की दादा’ म्हणाला, आणि त्या दिवसापासून घरात बोलणे कमी झाले.

मला बोलावले ते वडिलांनी. अडचण त्यांनाही नेमकी सांगता येईना. मी एवढेच सुचवले की, थोरला येण्यापूर्वी बसावे, आल्यानंतर नव्हे. आणि विवाहित मुलीलाही बोलवावे. यावर थोडी कुरकुर झाली. परंतु हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्याला लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा जन्मसिद्ध हक्क मुलाइतकाच आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतही, मृत्युपत्र नसेल तर, पत्नी, मुलगे व मुली समान वाटेकरी असतात. जिला वगळून ठरवले, तिची सही पुढे मागावीच लागते.

थोरल्याचे म्हणणे, व्हिडिओवरून, असे की गोदाम माझ्या पैशाचे आहे. मी त्याला विचारले, पैसे पाठवलेस ते काय म्हणून? भेट म्हणून पाठवले असतील तर ते वडिलांचे झाले, त्यातून घेतलेले गोदाम वडिलांचे, आणि उद्या ते सर्वांत वाटले जाईल. वडिलांना मुलाकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, तिथवर ठीक. कर्जाऊ दिले असतील तर वहीत कुठे नोंद आहे? आणि ‘माझेच आहे, नाव फक्त अण्णांचे’ असे म्हणशील तर बेनामी व्यवहाराच्या कायद्याशी गाठ पडेल. त्या कायद्यात पत्नीच्या वा अपत्याच्या नावे घेतलेल्या मालमत्तेला सूट आहे. आईवडील वा भावंडांच्या बाबतीत मात्र कागदोपत्री दोघांची नावे संयुक्त असावी लागतात. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘काका, मी तेव्हा असा विचारच केला नव्हता.’ कुणीच करत नाही. मी तरी असा विचार करून पैसे पाठवणारा एकही मुलगा पाहिलेला नाही, आणि पाहिला असता तर कदाचित मला तो आवडला नसता.

त्यानंतर अण्णा बोलले. वैतागाने की प्रेमाने, ते मला आजही सांगता येणार नाही. ‘पोरगा म्हणून यायचं असलं तर आत्ता ये. दार उघडंच हाय. भागीदार म्हणून यायचं असलं तर ह्याला विचार. गादी मी आता ह्याच्याकडं दिलीया.’

कायदाही तेच सांगतो. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे विद्यमान सर्व भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही. थोरल्या मुलाचा हक्क म्हणून त्यात काही तरतूद नाही.

तीन बैठका झाल्या. अखेरीस ठरले ते असे : गोदाम अण्णांनी आपल्या हयातीत तिन्ही मुलांच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्राने करायचे, त्यात थोरल्याचा वाटा मोठा. पेढीत तो येणार नाही. आला तर दोन वर्षांनी, धाकट्याच्या मनात असेल तर. राहत्या घराचे व शेतीचे मृत्युपत्र लगेच करायचे. थोरल्याने पुण्यात, आपल्या क्षेत्रातच नोकरी धरायची आणि आईवडिलांच्या वैद्यकीय खर्चाचा भार यापुढे त्याने उचलायचा, कारण आजवर तो दुसऱ्याने उचलला होता. मुलीने आपल्या वाट्याविषयी काय करायचे ते तिने नंतर, सावकाश, स्वतःच्या इच्छेने ठरवायचे. त्या बैठकीत हक्कसोडपत्राचा विषय एका काकांनी काढला होता. अण्णांनीच तो बंद केला.

दोन वर्षे झाली. थोरला शनिवारी सांगलीस येतो. पेढीवर गेला तर गिऱ्हाइकांच्या बाकावर बसतो.

सुनेचे व मुलांचे

या बैठकांत एका व्यक्तीचे मत कुणी विचारले नाही, ती म्हणजे थोरल्याची पत्नी. बहुतेक घरांत असेच असते. एच-४ व्हिसावर गेलेल्या स्त्रियांना २०१५ पर्यंत तिथे नोकरीची परवानगी नव्हती. त्या नियमात सवलत मिळाल्यावर कित्येकींनी वयाच्या पस्तिशीत नव्याने सुरुवात केली. परत येणे म्हणजे त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा सारे सोडणे. तिथे ती स्वतः मोटार चालवत होती, स्वतःचे वेळापत्रक ठेवत होती. सासू-सून हा विषय मी टाळतो, परंतु एक व्यवहारी गोष्ट सांगतो. परतणाऱ्या कुटुंबाने पहिले वर्षभर तरी वेगळे, पण जवळ राहावे. एकाच गावात, वा एकाच इमारतीत. आणि भारतातील पहिले घर पतिपत्नी दोघांच्या नावे घ्यावे. तिच्या स्वतंत्र नावाचे बचत खाते आल्याच्या आठवड्यात उघडावे. पॅन असते, फक्त ते निवासी म्हणून अद्ययावत करून घ्यायचे असते.

आहाराबाबत एक गंमत मी अनेक घरांत पाहिली. अमेरिकेत या सुनांनी वीस-वीस वर्षे पाकिटांवरचे बारीक अक्षर वाचून जिलेटिन शोधले. मुलांना रविवारी पाठशाळेत नेण्यासाठी तासभर मोटार हाकली. तिथल्या संघांची महासंस्था, जैना, १९८१ पासून उभी आहे, व मुलांच्या पाठशाळेवर तिचा मोठा भर असतो. शाळेच्या डब्यात बटाटा का नाही, हे ज्या मुलाने इंग्रजीतून सहा वर्षे वर्गमित्रांना समजावून सांगितले, तो येथे आला आणि शाळेच्या उपाहारगृहात त्याच्याच समाजाची मुले बटाटेवडा खाताना दिसली. त्याने आईला विचारले की, मग मी एवढा वाद का घातला? आईने मला विचारले. मी विषय पर्युषणावर नेला.

मुलांच्या बाबतीत वयाला फार महत्त्व आहे. पाचवीच्या आतले मूल सहा महिन्यांत रुळते. आठवी ते दहावी हा काळ सर्वांत कठीण, आणि नेमक्या याच वयाच्या मुलांना घेऊन लोक येतात, कारण तोवर ‘पुढच्या वर्षी’ म्हणत वेळ गेलेला असतो. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली आहे, मग शाळा कोणत्याही मंडळाची असो. घरी मराठी बोलणारे मूलही जोडाक्षरापाशी अडते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीला रडवलेले मी पाहिले आहे, आणि ती त्याच आठवड्यात गणितात वर्गात पहिली आली होती. येण्यापूर्वी वर्षभर बाराखडी गिरवून घेतली तर हे टळते. शाळांचे वर्षही जुळत नाही. तिथले सत्र ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होऊन जूनला संपते. आपल्याकडे केंद्रीय मंडळाच्या शाळा एप्रिलला आणि राज्य मंडळाच्या जूनला उघडतात. जूनअखेर विमानातून उतरणाऱ्या मुलाला चालू वर्गात मध्येच बसावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, जन्मदाखला यांवर अमेरिकेतूनच अपोस्टिल मोहोर घेऊन यावी. लसीकरणाची नोंदही आणावी. बीसीजीसारखी लस तिथे सरसकट दिली जात नाही, त्याविषयी येथील डॉक्टरांना विचारावे.

तिथे जन्मलेले मूल अमेरिकी नागरिक असते आणि आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यासाठी ओसीआय कार्ड काढतात. त्यावर येथे राहता, शिकता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि एक मुद्दा, जो मुलाला डॉक्टर करू इच्छिणाऱ्या पालकांच्या कानावर वेळेत पडत नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार वैद्यकीय व आयआयटीसारख्या प्रवेशांत ओसीआय विद्यार्थ्यांना अनिवासी भारतीयांसाठीच्या जागांवरच हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा नियम त्या तारखेनंतर ओसीआय कार्ड मिळालेल्यांनाच लागू होईल, असे म्हटले. म्हणजे मुलाच्या कार्डावरची तारीख प्रथम पाहावी. अनिवासी जागेची फी किती असते ते ज्यांनी भरली आहे त्यांना विचारावे.

सामानाविषयी थोडक्यात. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३० चा. स्वयंपाकघरातली यंत्रे तिथेच वाटून टाकावीत. घरगुती सामानावर सीमाशुल्काची सवलत परदेशातील वास्तव्याच्या काळावर ठरते, दागिन्यांची मर्यादा वेगळी असते, आणि हे नियम बदलत राहतात म्हणून निघण्याच्या महिन्यातच पाहावेत. अमेरिकेतील दूरध्वनी क्रमांक मात्र सोडू नये. तिथल्या बँका पडताळणीचा आकडा त्याच क्रमांकावर पाठवतात. एका गृहस्थांना केवळ त्यासाठी न्यू यॉर्कचे तिकीट काढावे लागले. आरोग्यविमा येण्यापूर्वीच घ्यावा, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो आणि तो काळ जितका लवकर सुरू होईल तितका बरा.

काहीजण दोन-तीन वर्षांनी पुन्हा जातात. आपल्याकडे त्याची चर्चा फार होते, लग्नाच्या मांडवात तर विशेष. मला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. ज्यांना ग्रीन कार्ड मिळालेले आहे आणि मनाचा निश्चय झालेला नाही, त्यांनी निघण्यापूर्वी पुनर्प्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज करावा. त्यावर बहुधा दोन वर्षांची मुदत मिळते. एरवी वर्षाहून अधिक बाहेर राहिल्यास कार्ड सोडून दिले असे धरले जाऊ शकते. हा अर्ज अमेरिकेत उपस्थित असतानाच द्यावा लागतो; सांगलीहून देता येत नाही.